कागदात नसलेले आजोबा

सेवेतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. ही घटना मात्र जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. कोपरखैरण्यातल्या एका शाळेतून मुख्याध्यापिकांचा फोन आला. एक म्हातारा रोज रस्त्यापलीकडे रसवंतीच्या आडोशाला उभा राहतो, दुसरीतल्या एकाच मुलीकडे बघत असतो, आणि शाळा सुटल्यावर ती शेजारणीबरोबर सोसायटीत पोहोचेपर्यंत मागून चालत जातो. शाळेच्या बसवरच्या ताईंनी हे हेरलं होतं.

अशी खबर कोणी हलक्यात घेत नाही. साध्या वेशात एक महिला हवालदार आणि एक शिपाई पाठवला. मधल्या सुट्टीत तो तिथेच सापडला. हुज्जत न घालता जीपमध्ये बसला.

वय सत्तरीच्या आसपास, लेंगा-सदरा स्वच्छ धुतलेला. नाव, गाव लगेच सांगितलं. खाडीकाठच्या जुन्या गावातला, आयुष्यभर मासेमारी केलेला. पण मुलीचा विषय काढला की मान खाली. चहा मागवला, त्याने हात लावला नाही. आवाज चढवून पाहिला, तरी तेच. गुन्हा केलेल्या माणसाची नजर सहसा दाराकडे वळते. याची नजर मी लिहीत होतो त्या डायरीवर होती.

"काका, बोलला नाहीत तर मला गुन्हा नोंदवावा लागेल."

"माझ्यावर नोंदवा, साहेब. माझ्या पोराचा नाव नका लिवू."

पिशवी तपासली. पाण्याची बाटली, टॉवेल आणि प्लास्टिकमध्ये जपलेली कोर्टाच्या हुकुमाची झेरॉक्स. परस्पर संमतीने घटस्फोट, दोन वर्षांपूर्वीचा. मुलीचा ताबा आईकडे, खर्च वडिलांनी दरमहा द्यायचा, भेटीला महिन्यातले दोन रविवार. वडिलांचं आडनाव या म्हाताऱ्याचंच होतं.

"तुमची नात?"

त्याने होकारार्थी मान हलवली आणि मग बोलू लागला. मुलगा आखातात नोकरीला गेला होता. खर्च पाठवत होता, पण रविवार रिकामे जात होते. "मी वकिलाला इचारला. तो बोलला, कागदात तुमचा नाव नाय, तुमी लांब रावा. मी भेटलो नि पोराचे रविवार पन गेले तर? म्हनून लांबूनच बगतो. कदी हाक पन मारली नाय. म्हातारीला डोल्यांनी दिसाचा कमी झालाय. घरी गेलो की इचारते, पोर कशी दिसली, हसत होती का."

मी मुलीच्या आईला बोलावलं. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती कामाला होती. घटस्फोटानंतरची दोन घरं समोरासमोर आली की काय होतं, ते मी अनेकदा पाहिलं होतं. महिला हवालदाराला मी जवळच थांबायला सांगितलं.

ती आली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. आजोबांना पाहून दारातच थबकली.

"आबा, किती बारीक झालात तुम्ही."

तो उठून उभा राहिला. तिने त्याला धरून खाली बसवलं. मी सगळं सांगितलं, तशी ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.

"मला वाटलं, तुम्हीच संबंध तोडलात," ती म्हणाली. "निकालानंतर एक फोन नाही. ती आबा कधी येणार विचारायची. मग विचारायची बंद झाली."

"मना वाटला, तूच नको बोललीस."

मी दोघांना समजावलं. हुकुमात आजोबांचा उल्लेख नाही, याचा अर्थ मनाई आहे असा नव्हे. ताबा आईकडे आहे, ती राजी असेल तर मुलीला भेटता येतं. पुढे वाद नको म्हणून लेखी हवं असेल, तर त्याच न्यायालयात अर्ज करा. न्यायाधीश मुलीचं हित बघतील. मोफत विधी सेवा केंद्राचा पत्ता लिहून दिला. डायरीत 'गैरसमजातून प्रकार, गुन्हा नाही' अशी नोंद केली आणि शाळेला कळवलं.

शाळा सुटायला अर्धा तास होता. "चला आबा, आज तुम्हीच घ्या तिला," ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ओलखंल का ती मना?"

मी हवालदारबाईंना सोबत पाठवलं. परत येऊन त्या म्हणाल्या, "सर, मुलगी थोडा वेळ बघत राहिली. मग विचारलं, आबा, तुम्ही इतके दिवस कुठे होतात? त्यांनी नुसता हात पुढे केला. तिने दप्तर त्यांच्या हातात दिलं आणि वर्गातलं काहीतरी सांगत चालू लागली."

तीस वर्षं मी कायद्याचा कागद वाचला तो कुणाला काय करायला बंदी आहे हे शोधण्यासाठी. भांडणाऱ्या नवरा-बायकोला ताबा, खर्च, भेटीचे दिवस एवढं सांगून मोकळा होत असे. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत, माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक जोडप्याला मी आणखी एक प्रश्न विचारत राहिलो: या लेकराला अजून कोण कोण आपलं वाटतं? बहुतेक वेळा त्यांच्यातलं एक जण दुसऱ्याच्या आईचं नाव घेई.