कावळ्याला शब्द दिला नाही

बायकोच्या दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. का बघायला लागले, ते सांगतो.

संपात गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही घोडपदेवला चाळीत राहत होतो. घर खायला उठायचं, म्हणून मी सकाळी माझगावकडे चालत सुटायचो. तिथे एक चिनी म्हातारा होता, दातांच्या कवळ्या बनवणारा. दुकान उघडायच्या आधी फुटपाथवर उभा राहून हवेत हळूहळू हात फिरवायचा. मला वाटलं, ह्याच्या अंगावरून वारं गेलंय. एक दिवस विचारलंच. तो म्हणाला, "खाली देखता क्या है, खडा रह."

उभा राहिलो. पण माझे हात मागाच्या धोट्यासारखे सटासट जायचे. म्हातारा वैतागायचा. "दरवाजा खुला है, धक्का कायकू मारता?" त्यांच्या धर्मात ह्याला ताओ म्हणतात, म्हणे. ताओ म्हणजे वाट. ती आपली आपण चालते, आपण मध्ये तंगडी घालायची नाही. मला काही पटलं नाही. आम्ही हक्कासाठी भांडतोय आणि हा सांगतो जोर लावू नको! तोंडावर सांगितलं त्याला. तर म्हणाला, "लडना है तो लड. पहले खडा रहना सीख." दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभा राहिलो.

बायकोला वाटलं मी गुत्त्यावर जातो. एकदा मागोमाग आली आणि भर रस्त्यात पोट धरून हसली. "गिरणी बंद झाली, आता तुमचं डोकं पण!" दुसऱ्या दिवशी तीच माझ्याआधी चपला घालून तयार. तिला दमा होता. म्हाताऱ्याने पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. दमा गेला नाही, खोटं कशाला बोलू. पण दम लागला की घाबरायची, ते थांबलं. पदर खोचून ती असे हात फिरवायची की म्हातारा माझ्याकडे बघायचाच नाही.

पुढे म्हातारा वारला. गिरणी काही उघडली नाही. आम्ही दोघं रोज सकाळी चाळीच्या अंगणात उभे राहायचो, ती पुढे, मी मागे. गॅलरीतून पोरं ओरडायची, "काकी, आज कुठला पिक्चर?" ती म्हणायची, "तिकीट काढून बघा रे, मेल्यांनो!"

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळीही मी उभा राहिलो. सुतकात. तेव्हापासून चाळीत कुजबुज सुरू झाली.

तर, बाणगंगा. ऊन चढलं. कावळे झाडावर बसलेले, पण खाली एक येईना. मेहुण्याने हात जोडले. "ताई, पोरांकडे आम्ही बघू." नाही. "तुझी नथ नातीलाच देऊ." तरी नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"भावोजी, तिचा जीव त्या चिनी भानगडीत अडकलाय. बंद करतो म्हणा. एवढा शब्द द्या, बघा कसा शिवतो."

"नाही देणार."

"तिच्या गतीचा प्रश्न आहे, भावोजी!"

"जीव त्यात अडकला असेल, तर ते सोडून मी तिला शोधू कुठे?"

"मग काय, संध्याकाळपर्यंत बसायचं इथे?"

"बसा. मला कुठे पाळी गाठायची आहे?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. भटजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. मेहुणा माझ्याकडे पाठ करून चालायला लागला. चालू दे.

दुसऱ्या दिवशी अंगणात उतरलो. पुढची जागा मोकळी सोडून मागेच उभा राहिलो. गॅलरीत माणसं होती, कोणी ओरडलं नाही. इतकी वर्षं तिच्या पाठीकडे बघून करत आलो, त्यामुळे मध्येच ह्यापुढे हात कसा फिरवायचा ते आठवेना. थांबलो. लोक बघत होते. बघू दे. जेवढं येत होतं तेवढं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.