दत्ताराम सेटवरून उठला नाही

त्या हिवाळ्यात आमची कंपनी नियंत्रण रेषेजवळ होती. मी हवालदार होतो. माझं गाव गुहागरजवळ. लान्स नाईक दत्ताराम हर्णेचा, मासेमारीच्या घरातला. दोन गावांच्या मध्ये दाभोळची खाडी, तरी पलटणीत आम्ही एकमेकांना गाववालेच म्हणायचो. तो रेडिओ ऑपरेटर होता. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहायचं, नंतर बर्फ वितळवून चहा, नंतर रेडिओ चेक. पोस्टवरचा दिवस असा सुरू व्हायचा. थंडीत इतरांचे आवाज चिरके यायचे. दत्तारामचा शांत असायचा. ओरडून बोलण्याची त्याला गरज पडत नसे.

एके सकाळी गस्तीला निघालेली तिघांची पेट्रोल पार्टी खालच्या नाल्यात असताना समोरून मॉर्टर फायर सुरू झाला. दोघे जागीच गेले. पार्टीचा रेडिओ सेट शिपाई सुदामकडे होता. सुदाम साताऱ्याकडचा, बावीस वर्षांचा. त्याच्या मांडीत स्प्लिंटर घुसले होते.

"टायगर फॉर टायगर वन. कॅज्युअल्टी आहे. मी एकटा बोलतोय. पार्टी पाठवा. ओव्हर."

कंपनी कमांडरांनी हुकूम दिला, फायर थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही. तो हुकूम बरोबर होता. नाल्यात उतरलेला माणूस परत आला नसता. साहेब दत्तारामला म्हणाले, "त्याला बोलतं ठेव. झोपू देऊ नको."

मी बंकरमध्ये त्याच्या शेजारी उभा होतो.

"पार्टी निघाली का? ओव्हर."

दत्तारामने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हो म्हणून मान हलवली.

"निघाली. मांडीला पट्टा घट्ट बांध. ओव्हर."

"कुठवर आली? ओव्हर."

"वळणावर आहे. ओव्हर."

वळणावर कुणी नव्हतं. दुपारपर्यंत दत्ताराम हेच सांगत राहिला. मग सुदामचं उत्तर येणं बंद झालं. दत्ताराम तरीही त्याला हाक मारत होता. शेवटी मी त्याच्या हातातून हँडसेट काढून घेतला. फायर थांबल्यावर आम्ही तिघांचे देह वर आणले. त्या संध्याकाळी सगळ्यांना रम मिळाली. दत्तारामला मी माझीही दिली. तेव्हा तेच औषध होतं. दुसरं कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. दत्ताराम माझ्याआधीच पेन्शन घेऊन घरी गेला. भावाच्या बोटीवर जायचा, जाळी विणायचा आणि प्यायचा. बायको सुलभा सुकी मासळी विकून घर चालवायची. गावात त्याला मान होता. पंधरा ऑगस्टला पुढची खुर्ची मिळायची. एरवी त्याच्याकडे एकाच कामासाठी माणसं यायची. "फौजी, कॅन्टीनची बाटली आहे का?" त्याच्याबरोबर बसायचे, त्याचीच प्यायचे आणि त्याने नाल्याचा विषय काढला की उठून जायचे.

एके दुपारी सुलभाचा फोन आला. "भाऊ, लवकर या. त्यांनी माझ्या शपथेवर सोडलीन. दोन दिवस थेंब नाय घेतला. आता माणूस ओळखीत नाय."

फेरीबोटीने दाभोळची खाडी ओलांडून मी हर्णेला पोचलो. सोबत माझा मित्र महेश होता. महेश मूळ पोफळीचा, हायवेवर अॅम्ब्युलन्स चालवायचा. घाटातल्या अपघातांतली माणसं उचलून उचलून तोही दारूत बुडाला होता आणि मोठ्या कष्टाने बाहेर आला होता. तो वाटेत म्हणाला, "साहेब, एकदम सोडली की शरीर उलटतं. जीव जातो यात. थेट हॉस्पिटलात न्यायचं."

किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू होता. दत्ताराम ओल्या वाळूत बसला होता. पुढ्यात मासळीचा रिकामा क्रेट, हात थरथरत होते, अंगातून घाम गळत होता. तो क्रेटमध्ये बोलत होता.

"निघाली. पार्टी निघाली. वळणावर आहे. ओव्हर."

लोक गोल करून उभे होते. काही हसत होते. दोघेतिघे मोबाईलवर शूटिंग करत होते. पंधरा ऑगस्टला टाळ्या वाजवणारेच होते ते. सुलभा पदर तोंडाला लावून उभी होती.

मी त्याच्यासमोर सावधान उभा राहिलो.

"लान्स नाईक दत्ताराम."

"जी, उस्ताद."

"ड्यूटी बदली. दुसरा ऑपरेटर आला. सेट त्याच्या ताब्यात दे."

"तो बोलतोय अजून, उस्ताद."

"त्याच्याशी आता मी बोलतो. तू ऊठ."

त्याने क्रेट माझ्याकडे सरकवला. मग उठला. महेशने त्याला गाडीत झोपवलं.

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात आधी एकाने बेवडा म्हणून व्हरांड्यात बसवलं. मग एक तरुण डॉक्टरीण आल्या आणि त्यांनी धावपळ करून त्याला वाचवलं. घरी सोडताना त्या म्हणाल्या, "औषधाचं काम मी केलं. आता याला कुणाशी तरी बोलायला हवं. ज्यांना कळेल अशांशी."

असं कुणी जवळपास नव्हतं. फौजेचं मोठं हॉस्पिटल पुण्याला. म्हणून महेशने आणि मी दापोलीत एका शाळेच्या वर्गात रविवारची बैठक सुरू केली. चार माजी सैनिक, फायर ब्रिगेडचा एक जवान, महेश आणि दत्ताराम. दत्ताराम नेमाने यायचा. "मी सेटवर होतो," एवढंच बोलायचा. पुढे जात नसे. पण पीत नव्हता. अख्खा पावसाळा त्याने काढला. दिवाळीत पुन्हा बोटीवर गेला.

सव्वीस जानेवारीला गावाने त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. "सीमेवरचा आमचा वाघ." दुपारी तीच मंडळी त्याला माडांच्या बागेत घेऊन गेली. तो नको म्हणत होता, हे मला नंतर त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं, तेही हसत. "म्हटलं, फौजी असून घाबरतोस काय?"

त्यानंतर तो बैठकीला आला नाही. आम्ही घरी गेलो तर मागच्या दाराने निघून जायचा. पाऊस यायच्या आत काविळीने गेला. ज्यांनी पाजली त्यांनीच खांदा दिला. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "चांगला माणूस, पण दारूने खाल्ला." मी तिथून बाजूला झालो. थांबलो असतो तर हाणामारी झाली असती.

तेराव्यानंतरच्या रविवारी सुलभा बैठकीला आली. दाराशी उभी राहून म्हणाली, "मी बसू का?" महेशने खुर्ची पुढे केली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिने मला विचारलं.

"भाऊ, सुदाम कोण?"

मला वाटलं होतं, तिला माहीत असेल. इतक्या वर्षांत दत्तारामने तिला सांगितलंच नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. नाला, फायर, साहेबांचा हुकूम, आणि वळणावर नसलेली पार्टी.

ती मान खाली घालून ऐकत होती.

"झोपेत त्याचाच नाव घ्यायचे," ती म्हणाली. "मला वाटायचा, दारूतला कुणी दोस्त असंल. यानेच माझ्या माणसाला नादी लावलान. इतकी वर्षं त्या सुदामला मी शिव्या घातल्या वो. देवासमोर उभी राहून घातल्या."

महेशने तिच्यापुढे पाणी ठेवलं. फायर ब्रिगेडचा जवान खिडकीबाहेर पाहत होता.

बैठक संपताना आम्ही उभे राहतो आणि ज्याने त्याने आपल्या गेलेल्यांची नावं घ्यायची असतात. त्या दिवशी सुलभाने दोन नावं घेतली. आधी सुदामचं घेतलं, मग दत्तारामचं.