मंदिराबाहेरचा बाक

माझ्या एकुलत्या एका मुलाचं लग्न लागत होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. डिनोने मॉर्मन पंथाची मुलगी पसंत केली, तिचा धर्म घेतला आणि लग्न यूटा राज्यातल्या मॅन्टाय गावच्या टेकडीवरच्या त्यांच्या मंदिरात ठरवलं. त्या मंदिरात बाहेरच्याला प्रवेश नाही. त्यांच्यातलीही सगळी माणसं आत जात नाहीत. आधी बिशपसमोर बसून श्रद्धेबद्दल, वागण्याबद्दल प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग तो दाखला देतो, आणि दाखला दाखवला की दार उघडतं. त्यांचा बिशपसुद्धा आमच्या बिशपसारखा झगेवाला नाही, आठवडाभर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. मी हेल्पर गावची, कोळशाच्या खाणीत राबलेल्या इटालियन माणसाची लेक, कॅथलिक. मुलगा मी जन्माला घातला आणि लग्न बघायला भलतेच लोक! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

तेवढ्यात एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. आखूड पांढरे केस, घरी शिवलेला निळा झगा, मांडीवर पत्र्याचा डबा.

"मी नेड्रा. नवरीची मावशी. तुम्ही रोझीना ना, डिनोची आई?"

"तुम्हालाही दाखला नाही वाटतं?" मी म्हटलं.

"आहे की. पर्समध्ये आहे."

"मग इथे काय करताय? माझ्यावर पहारा?"

"इथे वारा फार सुटतो. एकटं बसलेलं माणूस उडून जातं," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. आत काकवीची बिस्किटं होती. रागाच्या भरात मी तीन खाल्ली.

पोटात काही गेल्यावर माझी जीभ सुटली. इतकी वर्षं यूटात राहून, मॉर्मनांच्या दुकानातून पाव आणून, जे कधी विचारलं नव्हतं ते सगळं मी त्या बाईला विचारलं.

"तुमच्या नवऱ्याला बायका किती?"

"एक. तिचाही वाढदिवस त्याच्या लक्षात राहत नाही." मग तीच म्हणाली, "माझ्या पणजोबांना मात्र तीन होत्या, खोटं कशाला सांगू? पणजी दुसरी. ती फडताळाला कुलूप लावायची म्हणे, पहिलीच्या भीतीने. आता कोणी तसं केलं तर आमचं चर्च त्याला काढून टाकतं. पण लोकांना आमच्याबद्दल तेवढीच एक गोष्ट ठाऊक असते."

"आणि ते अंगात आतून घालायचे जादूचे कपडे?"

"जादू असती तर कंबर दुखली असती का माझी?" ती खदखदून हसली. "तुम्ही गळ्यात क्रॉस घालता ना? तसंच. मंदिरात दिलेल्या वचनाची आठवण. तुमचा वर दिसतो, आमचं आत असतं."

"तुम्ही येशूला तरी मानता का?"

एवढी गप्पिष्ट बाई, पण या प्रश्नाला मात्र तिचा चेहरा उतरला. "रोझीना, मी रोज सकाळी त्याचं नाव घेऊन उठते. हे कोणी विचारलं की मला खरंच लागतं."

मला ओशाळल्यासारखं झालं. मी चौथं बिस्किट घेतलं.

"आत नेमकं चाललंय काय?" मी शेवटी विचारलं, कारण मला जाणून घ्यायचं होतं ते तेवढंच.

तिने सांगितलं. पांढऱ्या कपड्यांत दोघं समोरासमोर गुडघे टेकून बसतात, हातात हात. दोन्ही भिंतींवर आरसे असतात, एकात दुसरा, दुसऱ्यात पहिला, आणि त्यांत ती दोघं दूरवर, संपतच नाहीत अशी दिसत राहतात. लग्न मरेपर्यंतचं नाही, त्यानंतरचंही. "तुमचा डिनो आत्ता त्या आरशात बघत असेल," ती म्हणाली. मग मात्र मला रडू फुटलं. नेड्राने रुमाल पुढे केला. तोही निळाच होता.

आमची ओळख तिथे झाली आणि पुढे ती चांगली मुरली. हेल्पर ते मॅन्टाय म्हणजे डोंगराला वळसा घालून जावं लागतं, पण पीच पिकली की मी जायचे. तिच्या स्वयंपाकघरात दोघी बसून फोडी काचेच्या बरण्यांत भरायचो. तळघरात वर्षभराचं धान्य, बरण्या, मेणबत्त्या, जणू उद्या सगळं जग जेवायला येणार आहे. गावात कोणी वारलं की चीज घातलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं घेऊन दारात नेड्रा पहिली. कोणाच्या लग्नात कोणाची आई, कोणाचा बाप बाहेर राहणार असं तिच्या कानावर आलं की ती डबा भरून बाकावर हजर. सख्ख्या भाच्यांची लग्नं तिने अशी बाहेर बसून काढली.

"मी तुझ्या धर्मात यायची नाही हं," मी एकदा तिला बजावलं.

"नकोच येऊस. तू आत गेलीस तर मी बाकावर कोणाशी बोलू?"

तिचा नवरा डेलॉय टर्की पाळायचा. लांबलचक शेड, त्यात हजारो पक्ष्यांचा कलकलाट, आणि हा उंच, अबोल माणूस हातात कॉफीचा थर्मास घेऊन त्यांच्यामधून फिरायचा. मॉर्मन कॉफी पीत नाहीत, त्यामुळे गावाने ठरवून टाकलं होतं की डेलॉयचा दाखला कॉफीपायी अडला. खरी गोष्ट मला नेड्राने सांगितली. बिशप विचारतो, तुझी अमक्यावर श्रद्धा आहे का, तमक्याची तुला खात्री आहे का. डेलॉय म्हणायचा, "कॉफी मी उद्या सोडेन. पण जे मला वाटत नाही ते वाटतं म्हणून देवाच्या दारात खोटं बोलू? तेवढं सांगू नका."

म्हणून त्या दोघांचं लग्न मंदिरात झालं नाही. नेड्राच्या आईच्या बैठकीच्या खोलीत बिशपने लावलं, मरेपर्यंतचं. त्या काळी नवऱ्याकडे दाखला नसला की बायकोलाही मिळत नसे. बहिणीचं लग्न आत लागलं तेव्हा नेड्रा याच बाकावर एकटी बसली होती, आणि तिच्याजवळ कोणी येऊन बसलं नव्हतं. पुढे नियम बदलला, तिला दाखला मिळाला. बाक मात्र तिने सोडला नाही.

"मग तुझ्या हिशोबाने मेल्यावर तू आणि डेलॉय वेगळे?" पीच सोलताना मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही.

तिने सुरी खाली ठेवली. "देव एवढा कोता नसेल असं मी धरून चालते. पण रात्री कधी जाग आली आणि हा शेजारी घोरत असला ना, की मला वाटतं, बाकी तिथे काही नसलं तरी चालेल. हा हवा. या घोरण्यासकट."

"हे त्याला सांगितलंस?"

"छे! सांगितलं म्हणजे त्याच्या गळ्यात धोंडा. माझ्यासाठी म्हणून तो आत जाईल आणि बिशपसमोर खोटं बोलेल. तसा डेलॉय मला नको."

पुढे तिच्या धाकट्या मुलीचं, जनेलचं लग्न ठरलं. अर्थात मंदिरात. एका दुपारी मला फोन आला. डेलॉयचा. त्याने मला कधी फोन केला नव्हता, म्हणून मी आधी घाबरलेच.

"रोझीना, शुक्रवारी येशील का?"

"येणारच आहे की. दुपारच्या जेवणाला."

"सकाळी ये. नेड्रा म्हणते ती माझ्याजवळ बाहेर बसणार. जनेल रडून रडून सांगतेय, आई आत ये, पण ही ऐकत नाही. माझ्याजवळ कोणी बसलेलं असलं तर ती जाईल."

शुक्रवारी मी पोहोचले तर नवराबायकोचं बाकापाशीच जुंपलेलं. नेड्रा हाताची घडी घालून बसलेली.

"आयुष्यभर परक्यांजवळ बसले, आणि आज स्वतःच्या नवऱ्याला टाकून जाऊ?"

"टाकून कशाला? माझी व्यवस्था झालीय," डेलॉय म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तिच्या मांडीवरचा डबा काढून घेतला. "ऊठ. इथली जागा माझी आहे."

"रोझीना, तो एकटा..."

"त्याला काय वारा उडवून नेतोय? जा! लेक वाट बघतेय."

ती गेली. दारापर्यंत तीनदा मागे वळून बघितलं तिने. डेलॉयने प्रत्येक वेळी हात वर केला, आणि दार लागल्यावर तो हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्याने थर्मास उघडला. दोघांनी कॉफी घेतली. मंदिराच्या आवारात कॉफी पिणारे आम्हीच दोघं असणार.

त्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "काय सांगते गं ती इथे लोकांना?"

"तुला कधी सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला आशा लागली असती. आशा लावायची आणि मोडायची, ते मला जमलं नसतं."

मला त्या दोघांचा असा राग आला! जन्मभर एका छपराखाली राहून, एकमेकांना जपता जपता, ही बाई आपल्या मनातलं बाकावर भेटलेल्या बायांना सांगत होती. मग मी काही राखलं नाही. पणजीच्या कुलपापासून आरशांपर्यंत सगळं सांगितलं. आणि घोरण्याचंही सांगितलं.

डेलॉयने कपातली कॉफी गवतावर ओतली. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"मला वाटायचं तिला मंदिर हवंय," तो म्हणाला. "आणि मी मध्ये आडवा आहे. मला वाटायचं, दुसरा कोणी केला असता तर तिला सगळं मिळालं असतं."

"तिला तूच हवायस, गाढवा."

दार उघडलं, माणसं बाहेर आली. फोटोवाला पायऱ्यांवर सगळ्यांना उभं करत होता. नेड्रा नवरीपाशी थांबलीसुद्धा नाही, निळा झगा सावरत थेट बाकाकडे आली. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

डेलॉयने थर्मास उचलून जागा केली. "बस."

"फोटो काढायचेत रे. जनेल बोलावतेय."

"बस आधी. इथे सगळ्या जगाला सांगतेस ते मला सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? त्याने विचारलं, मी सांगितलं."

नेड्रा हळूच बसली. "मी तुला आत चल म्हणत नाहीये, डेलॉय."

"ठाऊक आहे. मीही येतो म्हणत नाहीये. खोटं बोलवत नाही मला, अजूनही." त्याने तिचा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. "पण मेल्यावर तिथेही तुला हाच हवाय? टर्कीच्या वासाचा?"

"मग काय," ती रडतच म्हणाली, "बदलून मागू?"

मी डबा घेऊन उठले. पायऱ्यांवरून जनेल पांढरा घोळ सावरत हाका मारत होती, "आई! बाबा! या ना, सगळे थांबलेत!"

"थांबू देत," मी तिला म्हटलं आणि डब्यातलं बिस्किट तिच्या हातात ठेवलं. "तुझे आईबाप कामात आहेत."