राखाडी शाईतलं एक पान

कानाझावातल्या आमच्या पेनांच्या दुकानात येणाऱ्या माणसांचं दुखणं एकच असतं. घरी पेनं चिकार, शाईच्या दौती त्याहून चिकार, आणि ज्याला पत्र लिहावं असं माणूस एकही नाही. दातांचे डॉक्टर कुनिमोतोसान यांच्याकडे दोनशे चौदा फाउंटन पेनं आहेत. एवढ्या पेनांनी लिहिता काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पेनांची यादी."

म्हणून बावीस वर्षांपूर्वी सासरे गेले आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी मागच्या भिंतीवर बुचाचा मोठा फळा लावला. ज्याला पत्रमित्र हवा असेल त्यानं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, आपल्या पेनानं आणि आपल्या शाईनं, त्या दिवशी सकाळी काय खाल्लं तेवढं लिहायचं. नाव नाही, वय नाही, बाई की बुवा तेही नाही. कोपऱ्यात मी नंबर टाकते. ज्याचं अक्षर आवडेल त्याचा नंबर मला सांगायचा आणि पहिलं पत्र माझ्या हवाली करायचं, पुढे पाठवायचं काम माझं. आता देशभरातून कार्डं टपालानं येतात. फोटो बघून जमवलेल्या लग्नांपेक्षा या जोड्या जास्त टिकतात असं माझं मत आहे. माझं लग्न फोटो बघूनच झालं होतं.

तोकिए मुराई ही माझी गुरुवारची गिऱ्हाईक. वय सत्तावन्न, लग्न केलं नाही, राहते एकटी. शाळेच्या स्वयंपाकघरात नऊशे पोरांचं जेवण रांधते, त्यामुळे उजवा दंड डाव्यापेक्षा चांगला बोटभर जाड. एकतीस दौती तिच्या घरी होत्या. दर गुरुवारी यायची, एखादी नवी शाई कागदावर ओढून बघायची आणि मग फळ्यासमोर उभी राहायची. असं तिनं वर्षभर केलं. नंबर काही सांगेना.

"उचला एखादा," मी शेवटी म्हणाले. "इथं काय जन्माची गाठ बांधायची आहे?"

"आणि त्यानं उत्तरच नाही दिलं तर?"

"तर मला शिव्या द्यायला या. दुकान सात वाजेपर्यंत उघडं असतं."

पुढच्या आठवड्यात ती एका कार्डापाशी थबकली आणि खुदकन हसली. हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. एकशे अठरा नंबर. रुंद निब, गडद निळी-काळी शाई, आणि अक्षरं अशी की लांबून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही वाचता यावीत. लिहिलं होतं: "थंड भात, भाजलेला मासा आणि बायकोची बोलणी."

ते कार्ड निघालं गेन्झो हामाओका यांचं. वय एकोणऐंशी, गाव उवाजिमा, तिकडे दूर दक्षिणेत, संत्र्यांच्या मुलखात. जन्मभर मच्छीमार संघात खोक्यांवर पत्ते लिहिण्यात गेला, म्हणून अक्षर तसं. निवृत्तीच्या दिवशी संघानं फाउंटन पेन दिलं आणि मग लक्षात आलं, आता खोकी नाहीत, लिहायचं कशावर? बायकोचं नाव कियोनो. पहिल्या पत्रापासून ती हजर. "कियोनो म्हणते, अनोळखी बाईला पत्र लिहिताय तर निदान दाढी तरी करून बसा."

दोन वर्षं पत्रं चालली, दर पंधरा दिवसांनी एक जायचं, एक यायचं. तोकिए मला पत्र कधी दाखवत नसे, एखादी ओळ तेवढी सांगे. थंडीत तिकडून संत्री येत, इकडून ती आमच्याकडचं सलगम पाठवी, मासा भरून आंबवलेल्या भातात मुरवलेलं. एकदा मी चिडवलं, की काय हो, म्हाताऱ्यावर जीव जडला की काय? तिनं शांतपणे पेनाचं टोपण लावलं.

"मालकीणबाई, नऊशे पोरं माझ्या हातचं खातात. आज काय केलं होतंस, कसं झालं होतं, हे विचारणारा एकच माणूस आहे."

त्यानंतर मी चिडवणं बंद केलं.

दर हिवाळ्यात मी दुकानाची म्हणून एक शाई काढते, पन्नास दौती, संपल्या की संपल्या. त्या वर्षी राखाडी काढली आणि नाव दिलं 'फेब्रुवारीचं आभाळ'. ओली असताना काळपट दिसे, वाळली की फिकी होत जाई, आणि अक्षराच्या शेवटी जरा दाट राही. पेनवाल्यांत तेव्हा राखाडीचं वेडच होतं. तीन दिवसांत सगळ्या दौती गेल्या. तोकिएनं एक नेली, कुनिमोतोसाननी चार.

त्याच सुमाराला हामाओकांचं पत्र आलं होतं. कियोनोसानना हृदयाचा त्रास होऊन दवाखान्यात ठेवलं होतं. "घर इतकं शांत आहे की भात घशाखाली उतरत नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. तोकिएनं जानेवारीत उत्तर धाडलं आणि मग एकदम सगळं थांबलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दुसरा महिना निघाला. ती गुरुवारी यायची, पण शाई ओढून बघायची नाही. फळ्याकडे तर पाठच करून उभी राहायची.

"म्हातारी माणसं, घरात आजारपण, सुचत नसेल लिहायला," मी म्हणाले.

"बर्फात पत्रं अडकतात म्हणून मी रोज पेटीत हात घालून बघते," ती म्हणाली. "तळापर्यंत."

मार्च उजाडला. एका गुरुवारी मी तिला समोर बसवलं आणि त्या शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतं ते विचारलं. काही नाही, म्हणाली, सलगम मुरत घातलं, छपरावर बर्फ किती साचला, कियोनोसानना नमस्कार. एवढंच. अंगात ताप होता, जास्त लिहवलं नाही.

"लिहिलंत कुठल्या शाईनं?"

"तुमच्याच. आभाळाच्या. म्हटलं, त्यांना आमचं आभाळ दिसेल."

"आणि पानं किती?"

"एक."

"मागे कोरं पान घातलंत ना?"

हळूहळू तिची नजर खालच्या फळीवर गेली. माझीही तिकडेच गेली होती. त्या फळीवर, सासऱ्यांच्या काळापासून, मी दुखवट्याच्या पाकिटांवर नाव लिहायची फिक्या शाईची ब्रशपेनं विकते. आमच्याकडे मयताच्या घरी द्यायच्या पैशांच्या पाकिटावर राखाडी शाईनंच लिहितात. डोळ्यांतलं पाणी पडून शाई फिकी झाली, असं समजायचं. आणि दुखवट्याचं पत्र एकाच पानाचं असतं, दुसरं पान जोडलं तर दुःखाला जोडीदार येतो. म्हणून एरवी मजकूर एका पानात संपला, तर मागे एक कोरं पान घालायचं असतं. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि आम्ही दोघी, जन्म शाईत घातलेल्या, हेच विसरलो होतो. आम्हाला रंग तेवढा दिसला. कसा वाळतो, कुठे दाटतो, कुठल्या निबेतून कसा उतरतो. ज्याची बायको दवाखान्यात पडली आहे त्या माणसाला तो रंग काय सांगेल, हे नऊशे पोरांना जेवू घालणाऱ्या बाईलाही सुचलं नाही आणि ती शाई बनवणाऱ्या मलाही नाही. मला स्वतःची लाज वाटली. ती मी अजून विसरलेले नाही.

कुनिमोतोसान शेजारीच उभे राहून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "मी सूनबाईला वाढदिवसाचं पत्र त्याच शाईनं लिहिलं. तरीच ती दोन महिने बोलत नाही."

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"मी त्यांच्या बायकोला जिवंतपणी पोचवली," तोकिए म्हणाली.

"असं काही नाही. माफी मागा."

"काय लिहू? की मला ते म्हणायचं नव्हतं? म्हणजे काय म्हणायचं नव्हतं, ते पुन्हा लिहावं लागेल."

बोलणं खरं होतं. तरी तिनं माफीचं पत्र लिहिलं, दुकानातल्या सर्वांत काळ्या शाईनं, चार पानं, इथंच खिडकीजवळच्या टेबलावर बसून. ते गेलं. मार्च संपला. चेरी फुलल्या, शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, नऊशेची नऊशे वीस पोरं झाली. उत्तर नाही. मी फळ्यावरचं एखादं दुसरं कार्ड दाखवायला गेले, तर म्हणाली, "नको. माझ्या हातून आणखी कुणी मरायला नको." हे ती विनोदानं बोलत नव्हती.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी ती दुपारीच आली, अंगावर कामाचा पांढरा झगा तसाच. हातात पाकीट होतं. अक्षर ओळखीचं नव्हतं, आणि तेही बॉलपेननं लिहिलेलं. बॉलपेननं लिहिलेलं पत्र माझ्या दुकानात यायची ती पहिलीच वेळ असावी.

"मला उघडवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचलं.

"तोकिएसान, मी कियोनो. मी अजून आहे. आधी हे सांगते, म्हणजे तुम्ही खाली बसाल. मार्चात घरी आले. परवा विम्याचे कागद शोधताना ह्यांच्या खणात तुमची दोन्ही पत्रं सापडली, दुसरं तर फोडलेलंही नव्हतं. विचारलं तर तोंडाला कुलूप. मग कळलं, तुमचं ते राखाडी पत्र आल्यावर हे तीन दिवस जेवले नव्हते. ह्यांना वाटलं, डॉक्टरांनी आम्हाला न सांगता थेट कानाझावाला कळवलं! पन्नास वर्षं संसार केला ह्या माणसाबरोबर, आणि अक्कल ही अशी. दवाखान्यात माझ्याकडे टक लावून बसायचे, मला वाटायचं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

"मी स्वतःच्या दुखवट्याचं पत्र स्वतः वाचलं. असं भाग्य किती जणांचं? इतकी हसले की ह्यांनी पाणी आणून दिलं. पत्र छान आहे. मात्र सलगमात मीठ फार घालता, मी दोन वर्षं सांगेन सांगेन म्हणत होते.

"आता एक काम. ती शाई टाकू नका. खरी वेळ येईल तेव्हा तिनंच लिहा, एकच पान. आणि 'तुमच्या दुःखात सहभागी' वगैरे नको, ते सगळेच लिहितात आणि हे वाचणार नाहीत. सलगमाचं लिहा. मी नसेन तेव्हा ह्यांना जेवणाचं कुणीतरी विचारायला हवं."

वाचून झाल्यावर मी चष्मा पुसला. तोकिए खुर्चीवर बसली होती आणि रडत होती, नऊशे वीस पोरांची बाई, झग्याच्या बाहीनं नाक पुसत. मीही रडले. सांगायला लाजायचं कारण नाही.

आठवड्यानं हामाओकांचं पत्र आलं. दोन ओळी होत्या: "बायकोनं बसवलं म्हणून लिहितो. तिकडे आता काय शिजतंय?" आणि मागे कोरी पानं तीन.

पत्रं पुन्हा सुरू झाली. त्यानंतर कधीकधी पाकिटातून बॉलपेनची चिठ्ठीही निघे, बहुतेक मिठाबद्दल. राखाडी दौत तोकिएनं रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणून ठेवली. घरी असली की हात जातो, म्हणाली. मी ती गल्ल्यामागच्या कपाटात ठेवली. कुनिमोतोसानच्या चारही दौती संपल्या होत्या आणि ही त्यांच्या डोळ्यांत भरली होती.

"अर्धी तरी द्या," ते एकदा तिला म्हणाले. "नुसती पडून आहे."

"ती माझी नाही," तोकिए म्हणाली. "कुणाची तरी ठेवलेली आहे."

यानंतर दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात, गुरुवार नसताना, एका दुपारी तोकिए आली. बाहेर बर्फाला नुकती सुरुवात झाली होती. तिनं छत्री झटकली, बूट पुसले आणि गल्ल्यापाशी येऊन म्हणाली, "मालकीणबाई, ती दौत द्या."

मी कपाट उघडलं, रुमालासकट दौत तिच्या हातात दिली. तिनं खिडकीजवळच्या टेबलावर बसून रुमाल सोडला, पेन धुतलं, पुसलं, शाई भरली. मी कागद काढून दिले, सवयीनं दोन. तिनं वरचा ठेवून घेतला आणि खालचा परत केला.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी परत आलेला कागद खणात ठेवायला वळले, आणि वळताना तिची पहिली ओळ दिसली, ओली, अजून काळपट:

"हामाओकासान, यंदा सलगमात मीठ कमी घातलं आहे."