पिवळ्या गाठी

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला भुजंगचं पंक्चरचं दुकान होतं. आता त्याला कुलूप आहे.

लहानपणापासून त्याच्या कोपरांवर, बोटांच्या सांध्यांवर, टाचेमागच्या शिरेवर पिवळट गाठी होत्या. शाळेत पोरं त्याला ‘हरभरा’ म्हणायची. तोही हसायचा. गोजरबाईंनी, त्याच्या आईनं, त्याचं तेल-तूप बंद केलं. तो कोरडी भाकरी खायचा. गाठी वाढतच गेल्या.

मागच्या वर्षी छातीत कळ आली. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, आईवडील नात्यातले का? वडील चाळिशीतच हार्टनं गेलेले. आई त्यांच्या मामाची मुलगी.

भुजंगच्या आणि माझ्या वर्गातली कहकशा पुण्याला एका प्रयोगशाळेत असते. तिनं आम्हा दोघांना फोनवर उलगडून सांगितलं. पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते रक्तातलं कोलेस्ट्रॉल पकडून आत घेतं. भुजंगला ते आईकडूनही बिघडलेलं आलं होतं, वडिलांकडूनही. तेच प्रथिन तिच्याकडं प्रयोगशाळेत तयार केलेलं येतं. बर्फात ठेवलेली शिशी, तळाला चिमूटभर पांढरी पूड.

“मंग एक शिशी पाठव ना,” भुजंग म्हणाला. “जिंदगीभर पंक्चर फुकट.”

“वो दवा नै है रे. ते फक्त तपासण्यांसाठी. टोचलं तरी रक्तातच विरून जाईल. पेशीवर जाऊन बसणार नाही.”

“म्हंजे ट्यूब हाये, पण टायरात बसत न्हाई.”

त्यानंतर त्यानं स्वतःबद्दल काही विचारलं नाही. धाकट्या भावाचं, काकासाहेबचं, लग्न ठरलं होतं, मामाच्या मुलीशी, राजनंदिनीशी. काकासाहेबची टाचेमागची शीरही जाड होऊन तिथं पिवळट गाठ दिसू लागली होती.

“लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा, एवढंच,” भुजंग मला म्हणाला. “माझ्यासारखं लेकरू नको. साजिद, तू मराठीत एम.ए. केलंस. आईला तू सांग.”

मी गेलो. गोजरबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुह्या पुस्तकात आमच्या घरचं बी लिहिलंय का रे?” त्या म्हणाल्या. “भावाला काय सांगू? तुह्या पोरीचं रक्त तपासते, मंग घरात घेते? मी बी तशीच आल्ते. मला कुणी तपासलं न्हाई.”

“मावशी, म्हणूनच.”

सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

“भाकर खाऊन जा,” त्या म्हणाल्या.

पोळ्यानंतर भुजंग गेला. दुकानातच, ट्रकचं चाक खोलताना.

मला वाटलं, आता तरी तपासतील. दहाव्याला मामा, बद्रीनाथ, म्हणाले, “घरात मयत झालीय. लग्न वर्षाच्या आत लावा, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागतं.” सगळ्यांनी माना हलवल्या. पुढच्या उन्हाळ्यातलं लग्न अलीकडं, दिवाळीनंतर लगेच आलं.

मी काकासाहेबला गाठलं.

“दादाचं नशीब दादासंगं गेलं,” तो म्हणाला. “मला काय झालंय? बिलकुल ठणठणीत हाये.”

हळदीच्या दिवशी तो पाटावर बसला होता. बायका त्याच्या पायांना हळद लावत होत्या. बोटं, घोटे, टाचा. मी मागं उभा होतो. शिरेवरची पिवळी गाठ हळदीत दिसेनाशी झाली.

उरलेली उष्टी हळद वाटीत काढली. गोजरबाईंनी ती पदरानं झाकली. बायका ती घेऊन राजनंदिनीकडं निघाल्या.