फ्लॉपीला लावलेलं हळदकुंकू

सौंसरला आमच्या शेजारच्या टायपिंग मास्तराने नागपूरच्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेला कॉम्प्युटर आणला, आणि दारात विमान उतरल्याचा तोरा मिरवू लागला. नवा प्रोग्राम त्या जुन्या मशीनला पेलेना, म्हणून त्याने कुठून तरी हलका मिळवला. तो एका पातळ, काळ्या फ्लॉपीत होता. ती घातल्याशिवाय मशीन जागी होत नसे.

"आजी, चप्पल बाहेर! मशीनले धूळ सोसत नाही," असं मला रोज ऐकवी. स्वतःचा सदरा मात्र आठवडाभर तोच.

दसऱ्याला अवजारं पुजतात, म्हणून हळदकुंकू लावायला त्याने मलाच बोलावलं आणि नारळ आणायला गेला. मशीनला लावलं. मग जिच्यात तिचा जीव, ती फ्लॉपी कशी सोडणार? आतली चकती दिसते त्या उघड्या जागेवरच मी ओलं बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा पहिला वर्ग होता. पोरंपोरी जमली, मीही गेले. मशीन काही उठेना, आणि दुसरी फ्लॉपी नव्हती. पोरं फिरली असती तर क्लास तिथेच बुडाला असता. मास्तराने फ्लॉपी काढून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"कोणं बिघडवली, सर?"

"माह्याच हातानं बिघडली. मी दुसरी आणाले नागपूरले जाऊन राहिलो, परवा या."

एवढा शहाणा माणूस, पण खोटं धड बोलता येत नव्हतं. माझं बोट अजून पिवळं होतं आणि सगळी पोरं त्या बोटाकडेच बघत होती.