लाल दोऱ्याचे रोगी

सोनाबाईंनी औषधाची बाटली माझ्या टेबलावर आपटली.

"ह्यो लाल दोरा तुमचाच ना? मंग घ्या. ताप हाय तसाच हाय."

मागे त्यांचे मालक गेनबा, श्रीगोंद्याकडचे शेतकरी, भिंतीला टेकून उभे होते. आठवड्यापूर्वी मीच त्यांना हिवतापाचं औषध दिलं होतं. कोयनेल, तेही महायुद्धाच्या टंचाईत कंपाउंडरशी भांडून मिळवलेलं. आता ते नापास होऊन माझ्याच पुढ्यात परत आलं होतं.

दोऱ्याची भानगड सांगतो. मी तेव्हा नगरच्या एका इस्पितळात हाऊस फिजिशियन होतो. म्हणजे परीक्षा पास झालेला, पण वरिष्ठांच्या हाताखाली अजून शिकणारा डॉक्टर. असे आम्ही तिघे रोज सकाळी ओपीडीत बसायचो. घरून येऊन, औषध घेऊन घरी जाणाऱ्या रोग्यांचा तो विभाग. जो डॉक्टर मोकळा, त्याच्यापुढे रोगी. जीभ बघायची, नाडी बघायची, कागदावर 'मिक्श्चर नंबर चार' लिहायचं, चला पुढचा! पुढच्या खेपेला तोच माणूस दुसऱ्याच डॉक्टरकडे. आपल्या औषधाने तो उठून बसला की आडवा झाला, हे आम्हाला कधी कळायचंच नाही. याला शिक्षण म्हणायचं? पोस्टात शिक्के मारणारासुद्धा पत्ता वाचतो!

कॉलेजात चळवळीची पत्रकं लिहिलेला हात शिवशिवत होता. चार पानी निवेदन खरडून साहेबांपुढे, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांपुढे, ठेवलं. ते पहिल्याच ओळीला थांबले.

"'या अमानुष प्रथेचा आम्ही तीव्र निषेध करतो.' आम्ही म्हणजे कोण?"

"मी एकटाच, साहेब."

"मग पंधरा दिवस तुमच्या पद्धतीने चालवून दाखवा. पण रांग बाराला संपली पाहिजे. एक दिवस चुकला, की निवेदन चुलीत."

बहुतेक रोग्यांना वाचता येत नव्हतं, पण औषधाची बाटली जो तो घरूनच आणायचा. म्हणून बाटलीच्या गळ्याला दोरा. माझा लाल, बाकी दोघांचे हिरवा आणि पांढरा. दोरा बघून ज्याचा रोगी त्याच्याकडे परत.

तेरा दिवस रांग वेळेत संपली. चौदाव्या दिवशी सोनाबाई आल्या. साडेअकरा वाजले होते, बाहेर वीसेक माणसं. दुसऱ्या मिक्श्चरचा नंबर लिहून मोकळा झालो असतो. पण हा ताप आता माझा होता.

गेनबांना झोपवलं. उजव्या बरगड्यांखाली दाबलं, तर गडी ओरडलाच.

"मध्यंतरी आव पडत होती का?"

"व्हय की," सोनाबाई म्हणाल्या. "दोन महिनं झालं. लई बेजार हुते."

"मग मागच्या खेपेला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं व्हतं का?"

विचारलं नव्हतं. आवेचे जंतू यकृतात शिरले की तिथे गळू धरतं. त्याला घागरभर कोयनेल पाजलं तरी उपयोग नाही. आणि गळू पोटात फुटलं, तर माणूस हातचा जातो.

बाराला साहेब घड्याळ घेऊन आले.

"नऊ माणसं बाकी. हरलात, डॉक्टर."

"हरलो. पण आधी इथे हात लावा."

साहेबांनी हात लावला. घड्याळ खिशात गेलं. त्यांनी बाकी दोघांना हाक मारली. "या, दाबून बघा. हळू! पुस्तकातलं यकृत ओरडत नाही." उरलेले नऊ रोगी साहेबांनी स्वतः तपासले.

गेनबांना दाखल करून आवेच्या जंतूंवरची एमेटिनची इंजेक्शनं सुरू केली. चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली आणि सोनाबाईंनी वॉर्डभर जाहीर केलं, "लाल दोऱ्याचा गुन!"

पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावची अकरा माणसं मनगटं पुढे करून माझ्यासमोर उभी. औषध नको, नुसता दोरा बांधा! गंडे-ताईतांविरुद्ध सभा गाजवलेला मी. साहेबांना हसू आवरेना.

दोरे त्याच दिवशी बंद झाले. ज्याचा रोगी त्याच्याकडे, हा नियम मात्र साहेबांनी ठेवला. कागदावर डॉक्टरचं नाव, कंपाउंडरने ते मोठ्याने पुकारायचं, आणि ओपीडी एक वाजेपर्यंत.

रोगी पहिल्यांदा येतो तेव्हा डॉक्टर अंदाज करतो. तो परत येतो तेव्हा डॉक्टर शिकतो. आणि आव पडत होती का, हे पहिल्याच दिवशी विचारावं.